कोंडापलीकडची नदी

मराठी कवितेत नद्यांना तोटा नाही. इंद्रायणी, चंद्रभागा, कृष्णा, गोदावरी यांच्या काठाकाठाने ती वाढली, आणि तिच्यातील नदीची माता, तीर्थ, काळप्रवाह ही रूपे आपण वर्गावर्गांतून शिकवीत आलो. या नद्यांत मासा मात्र फारसा भेटत नाही. भेटला तर पाण्यावाचून तळमळणारा. म्हणजे भक्ताच्या जीवाची उपमा म्हणून. त्या माशाची जात कोणती, तो राहतो कुठे, हे विचारण्याची आपल्याला कधी गरज वाटली नाही.

ती गरज एका परक्या माणसाला वाटली होती. विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या एका थोर माशाला त्याने 'खुद्री' म्हटले. 'कोलस', 'सिंघाला' अशी आणखीही नावे त्याने इथल्या बोलीतून उचलून शास्त्रीय नामावलीत बसवली. हीच खुद्री म्हणजे दख्खनी महसीर. शास्त्रज्ञ आज तिला 'टॉर खुद्री' म्हणतात. मासे धरणाऱ्यांच्या तोंडचे शब्द असे जगभरच्या ग्रंथांत टिकून राहिले; ज्या मुळा-मुठेतून ते उचलले, ती मात्र शहराच्या सांडपाण्याने काळवंडली.

हा मासा आपल्या नद्यांत जिथे निर्भयपणे वावरतो, अशा काही जागा गावांनी राखलेल्या आहेत. नदीतल्या खोल डोहाला कोकणात कोंड म्हणतात. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडात वरदायिनी देवीच्या नावाने महसीर राखला जातो. तिथे कोणी जाळे टाकीत नाही. वाडा तालुक्यात तिळसे येथे तिळसेश्वराच्या पायाशी वैतरणेतले मासेही असेच अभय भोगतात. उन्हाळ्यात प्रवाह आटतो तेव्हा मोठ्या माशाला थारा असतो तो अशा डोहांतच. तेव्हा गावाने राखलेली जागा नेमकी हवी तीच आहे.

यावर आक्षेप येतो की ही श्रद्धा आहे, संवर्धन नव्हे. आम्हांला हा आक्षेप उथळ वाटतो. देवीच्या भीतीने एखाद-दुसरा हात आवरत असेल; पण पिढ्यान्‌पिढ्या डोह राखायचा तर गावाला आपसांत करार करावा लागतो आणि तो मोडणाऱ्याला जाब विचारावा लागतो. देवीचे नाव ही त्या कराराची भाषा आहे. भाषेचे अभ्यासक म्हणवणाऱ्यांनी तरी ती वाचायला शिकले पाहिजे.

मात्र त्या कराराचे गोडवे गाऊन थांबणे हा दुसरा उथळपणा होईल. महसीर डोहात राहतो, पण त्याची वीण डोहात होत नाही. पावसाळ्यात नदी भरली की तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि वाहत्या, स्वच्छ पाण्यात, गोट्या-वाळूच्या तळावर अंडी घालतो. कोंडाची सीमा ओलांडताच त्याचे अभय संपते. वर बंधारा असेल तर वाट अडते; तळातली वाळू-गोटे उपसून नेले असतील तर वाट मोकळी असूनही उपयोग नाही. मुंबईच्या पाण्यासाठी वैतरणेवर मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा ही धरणे एकामागून एक उभी राहिली. ते पाणी पिणाऱ्यांत आमच्यापैकीही पुष्कळजण आहेत. देवीचा नियम डोहाकाठच्या भोयाला, कातकऱ्याला बांधतो. त्याने एक वेळचे कालवण सोडावे अशी अपेक्षा धरतो. धरणाला आणि वाळूच्या ठेक्याला तो बांधत नाही. हा अन्याय नजरेआड करून 'लोकपरंपरेचे शहाणपण' वर्णिणारे लेख आता पुरेत.

मग मासे वाढवून सोडावेत, हा उपाय सुचतो. लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून महसीरची पैदास केली, आणि ते काम मोलाचेच आहे. पण तिथली पिल्ले दूर कावेरीतही सोडली गेली. तिथला स्वतःचा कुबडा महसीर, 'टॉर रेमादेवी', २०१८ साली आययूसीएनच्या यादीत 'अतिसंकटग्रस्त' ठरला, आणि त्याच्या ऱ्हासाच्या कारणांत अभ्यासक या पाहुण्या माशाचाही समावेश करतात. उलट खुद्री त्याच वर्षीच्या मूल्यमापनात, पूर्वीच्या 'संकटग्रस्त' वर्गातून, 'कमी चिंते'च्या वर्गात गेली. यादीला जातीचा हिशेब कळतो. एखाद्या नदीतून ती जात उठली तर त्या काठाचे काय गेले, हे यादी सांगत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. डोह राखणाऱ्या गावाला वरच्या पाण्याबद्दलही बोलण्याचा अधिकार मिळाला पाहिजे. धरणातून कधी व किती पाणी सोडायचे, वाळू कुठून उचलायची नाही, या निर्णयांत त्यांचा शब्द धरला गेला पाहिजे. आणि साहित्याच्या विद्यार्थ्या-शिक्षकांनी निदान एवढे करावे: आपापल्या नदीकाठच्या वृद्धांकडून माशांची आणि डोहांची नावे लिहून घ्यावीत. कोणत्या डोहात कोणता मासा असे, तो कोणत्या नक्षत्रात वर चढे, हेही विचारावे. साइक्सने हे काम सरकारी नोकरी सांभाळून केले. आपली तर ही मातृभाषा आहे. नाव माहीत असलेला मासा नाहीसा झाला तर कोणीतरी विचारील. बिननावाचा गेल्याचे कळणारही नाही, आणि पाण्यावाचून तळमळणाऱ्या माशाची उपमा आपण वर्गात पूर्वीसारखीच समजावून सांगत राहू.