चिंटूचा आवाज

येत्या शनिवारी बाई शाळेच्या टीव्हीवर 'चिंटू' सिनेमा दाखवणार आहेत. सगळे नाचतायत. मला मात्र धाकधूक वाटते.

चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ साली 'सकाळ'मध्ये चिंटू सुरू केला. दोनतीन चौकटी, की विनोद संपला. सिनेमा २०१२ सालचा. एवढ्याशा चौकटींतून एवढा मोठा सिनेमा कसा काढला, कोण जाणे!

माझ्या आजीला वाचता येत नाही. रोज रात्री मी तिला चिंटू वाचून दाखवते. चिंटूचा आवाज मीच काढते, पप्पूचा जाड आणि मिनीचा भांडखोर. आजी म्हणते, "ह्यो तर आपल्याच आळीतला गं." आता सिनेमात चिंटू दुसऱ्याच आवाजात बोलला, तर मला माझा आवाज परत काढता येईल का? आजीला तो आवडेल का?

पोरं मला हसतात. एकजण म्हणाला, "सिनेमातल्या चिंटूला आता मिशा फुटल्या असतील!" ते खरंच आहे. तो मुलगा मोठा झाला, चित्रातला चिंटू तेवढाच राहिला. म्हणून मला चित्रातला जास्त जवळचा वाटतो.

माझे मत असे की, सिनेमा जरूर बघावा, पण आधी पुस्तक वाचावे. म्हणजे ज्याचा त्याचा चिंटू डोक्यात आधी बसेल. पालकांनी आजीआजोबांनाही आणावे. माझी आजी येणार आहे. कोणाचा चिंटू खरा, ते तीच सांगेल.

चिंटूची दोन पुस्तके खिडकीजवळच्या पेटीत आहेत. जपून वाचा. एकाचे शेवटचे पान कोणीतरी फाडलेय, त्यामुळे तो विनोद कसा संपतो ते वर्गात कोणालाच ठाऊक नाही.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी