अधिकार कोणाचा?

ख्रिस्ती मनुष्याने आध्यात्मिक मार्गदर्शन कोठे शोधावे, असा प्रश्न निघाला की धर्मपीठाकडे बोट दाखविण्याची रीत आहे. या रीतीस वर्धेच्या मगनवाडीतून केव्हाच उत्तर मिळाले आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे निष्ठावंत ख्रिस्ती. १९३० साली कलकत्त्याचे बिशप फॉस वेस्टकॉट यांनी सविनय कायदेभंग ख्रिस्ताच्या शिकवणीविरुद्ध ठरविला, तेव्हा कुमारप्पांनी त्यांस उघड उत्तर दिले. आणि पुढे जबलपूरच्या तुरुंगात येशूच्या आचरणावर व उपदेशावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

यावर आक्षेप येतो की, असे झाल्यास जो तो आपल्या लहरीस देववाणी म्हणेल. आक्षेप पोकळ नाही. परंतु लहर बिशपासही चुकलेली नाही, आणि त्याच्या लहरीस गादीचे बळ मिळते, हा अधिकच धोका! लहरीला खरा लगाम सर्वांना खुल्या असलेल्या शास्त्रवचनाचाच. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण आपली सदसद्विवेकबुद्धी तेथील धर्मगुरूंच्या हवाली केली नाही. उलट आयुष्याची अखेरची वर्षे वेचून मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबल सोप्या मराठीत आणले. कशासाठी? साध्या बाईलाही ते स्वतः वाचून पारखता यावे म्हणून.

धर्मगुरूंचा सल्ला अवश्य घ्यावा. परंतु तो येशूच्या चरित्राशी ताडून पाहावा. न जुळल्यास नम्रपणे नाकारावा, व त्याची किंमत स्वतः मोजावी.