एका लिपीतील दोन भाषा

जबलपूरच्या मराठी घरातील मूल हिंदी शाळेत जाऊ लागते, तेव्हा पहिल्याच दिवसांत त्याच्या कानी एक शब्द पडतो. तो शब्द म्हणजे ‘शिक्षा’. हिंदीत त्याचा अर्थ शिक्षण; घरी मात्र खोडी केल्यावर होते ती शिक्षा! गुरुजींनी प्रेमाने सांगावे, की तुम्ही सर्वजण येथे ‘शिक्षा’ घेण्यास आला आहात, आणि त्या चिमुकल्याने कावरेबावरे व्हावे, यात नवल ते काय?

वाचकहो, अगदी परकी भाषा शिकताना मुलाला त्रास होतो, हे आपण सहज मान्य करतो. परंतु हिंदी व मराठी यांची लिपी एक, शेकडो शब्द समान; म्हणून येथे अडचण असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. खरी मेख तेथेच आहे. ‘चेष्टा’ म्हणजे आपल्याकडे थट्टा, हिंदीत प्रयत्न. ‘यातायात’ म्हणजे आपली दगदग, तेथे रस्त्यावरील वाहतूक. आपला ‘संसार’ चूल-बोळक्यांचा, हिंदीचा ‘संसार’ अवघ्या जगाएवढा. पुस्तक आपल्या घरी नपुंसकलिंगी, शाळेत मात्र स्त्रीलिंगी. ‘मेरा पुस्तक’ असे म्हणताच वर्ग हसतो. हसणारी मुले क्षणात विसरतात. ज्याला हसले, ते मूल पुन्हा हात वर करताना दहा वेळा विचार करते. पुढे प्रगतिपुस्तकावर शेरा येतो: वर्गात लक्ष नाही.

शुद्धलेखनाचीही तीच कथा. मराठीचे नवे लेखननियम १९६२ साली शासनाने मान्य केले, तेव्हापासून आपण ‘कवी’, ‘शक्ती’ असे दीर्घ लिहितो; हिंदीत ‘कवि’, ‘शक्ति’ हेच शुद्ध. आईने घरी गिरवून घेतलेला शब्द शाळेत लाल शाईने खोडला जातो. दोघीही बरोबर, आणि चूक ठरते मुलाची!

पूर्वी जबलपूर व नागपूर एकाच राज्यात होती आणि त्या राज्यात हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, जबलपूर मध्य प्रदेशात राहिले. त्याच वर्षी घटनेत ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे ते सांगते. सोय घराजवळ असेल तर उत्तमच. नसेल तेथे घरालाच थोडे कष्ट घ्यावे लागतात.

कित्येक पालक यावर एक सोपा उपाय योजतात: घरातले मराठी बोलणेच बंद करतात. आम्हांला हे मुळीच पटत नाही. ओले लुगडे उन्हात का वाळते, हे आजीने मराठीत नीट समजावले असेल, तर शाळेत ‘वाष्पीकरण’ शिकताना मुलाला फक्त एक नवे नाव शिकायचे असते. समज त्याच्याजवळ असतेच. ‘बेरीज’ येणाऱ्याला ‘जोड़’ शिकवायला कितीसा वेळ लागणार? उलट, घरात मोडकीतोडकी हिंदी ऐकणाऱ्या मुलाजवळ धड एकही भाषा राहत नाही, आणि आजीशी बोलणे तुटते ते वेगळेच.

एक साधी वही करावी. पानाच्या मधोमध रेघ ओढून एका बाजूस घरचा शब्द, दुसरीस शाळेचा. शेजारी मुलाने स्वतः रचलेले वाक्य. रोज दोन-तीन शब्द पुरेत, वीस नकोत. परीक्षा तर मुळीच घेऊ नये. ही वही वर्गशिक्षकांना एकदा अवश्य दाखवावी. मूल मठ्ठ नसून दोन भाषांचा हिशेब मनात जुळवीत आहे, हे कळले की पुष्कळ शिक्षकांची नजरच बदलते.

शब्द गोळा करण्यास दूर जायला नको. रविवारी भेडाघाटला जावे. धुआँधारचा ‘प्रपात’ म्हणजे आपला धबधबा, ‘भँवर’ म्हणजे भोवरा. परतताना ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर घटकाभर बसून मुलाला सांगावे, की पुण्या-मुंबईकडे ‘घाट’ म्हटले की लोक डोंगर चढू लागतात. मग आगगाडी घाट कशी चढते, असे ते विचारील, आणि निदान त्या संध्याकाळी तरी त्याची बडबड थांबविणे आपणास जड जाईल.