सही कुणाची, शेअर कुणाचे?

शेअरबाजार म्हणजे पैसेवाल्यांचा जुगार, त्यात कुणाचे बुडाले तर आपण कशाला कीव करावी, असे पुष्कळ सुशिक्षित मंडळी म्हणतात. मला हे मत मुळीच मान्य नाही. जुगारात हरणे निराळे आणि आपली वस्तू दुसऱ्याने परस्पर गहाण टाकणे निराळे.

हैदराबादच्या कार्वी स्टॉक ब्रोकिंगचे प्रकरण घ्या. विकलेले शेअर ग्राहकाच्या खात्यातून वळते करता यावेत म्हणून दलाल मुखत्यारपत्रावर सही घेत असत. या कंपनीने त्याच अधिकाराचा गैरवापर केला. ग्राहकांचे शेअर तारण ठेवून स्वतःसाठी कर्ज उचलले. २२ नोव्हेंबर २०१९ रोजी 'सेबी'ने मनाई हुकूम काढला. पुढच्याच महिन्यात सुमारे ८३ हजार ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यांत परत आले. येथवर न्याय झाला असे वाटते. परंतु कर्ज देणाऱ्या बँका व वित्तसंस्था अपील न्यायाधिकरणात गेल्या. आमचे तारण आम्हांला न विचारता कसे सोडवलेत, हा त्यांचा सवाल! डिसेंबर २०२३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्याचे शेअर, तो बिचारा या भांडणात कुठे होता?

त्यानंतर सुधारणा झाल्या, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. १ सप्टेंबर २०२० पासून ग्राहकाच्या मोबाइलवर आलेला आकडा दिल्याखेरीज त्याचे शेअर तारण जात नाहीत. मुखत्यारपत्राच्या जागी २०२२ मध्ये मर्यादित अधिकारपत्र आले. पण आमच्याकडे मोबाइलच एजंटाच्या हाती देण्याची रीत आहे, त्याचे काय?

आमच्या घरात इंग्रजी कागद वाचू शकणारा पहिला मीच. त्यामुळे गल्लीतले लोक मजकडे कागद आणतात. गेल्या दिवाळीत एस.टी.तून निवृत्त झालेले शेजारचे तात्या असाच गठ्ठा घेऊन आले. एजंटाने महिन्याला दोन टक्के तोंडी कबूल केले होते. कागदावर मात्र नफ्याची हमी नाही, जोखीम समजली, असे बारीक इंग्रजीत छापलेले; आणि खाली तात्यांची ठळक मराठी सही. फंडाचे पैसे निम्म्यावर आलेले. मी वाचून दाखवत होतो आणि तात्या नुसते 'हं, हं' म्हणत होते.

नियमाने एजंटाच्या कृत्याला दलाल जबाबदार असतो. पण ते कृत्य सिद्ध कोणी करायचे? तात्यांनी! सेबीकडे तक्रार करता येते, लवादाकडे जाता येते. तथापि लवाद पुरावा मागतो, आणि वचन तर चहा पिता पिता दिलेले. सल्लागाराचे सारे बोलणे मराठीत, करार तेवढा इंग्रजीत. मराठी प्रत मागता येते म्हणावे, तर मागायची असते हे सांगणार कोण?

माझे म्हणणे एवढेच, की कागदाची भाषा एक आणि सहीची भाषा दुसरी असेल, तर ग्राहकाला मजकूर समजला होता हे दलालाने सिद्ध करावे. 'वाचून सही करायची होती' हे वाक्य ज्यांच्या घरात तीन पिढ्या शिकलेल्या आहेत त्यांच्या तोंडी शोभते.

अर्थशास्त्राच्या सरांना एक विनंती आहे. असा एखादा करारनामा तासाला घ्यावा, एकेक कलम मराठीत करवून घ्यावे. प्रत तात्या देतील, मी त्यांना विचारून ठेवले आहे.