परीक्षा दिली, लिहिली की घेतली?

अफजलपूर तालुक्यातल्या अनेक मुलांच्या कानावर इंग्रजीच्या आधीच दोन-तीन भाषा पडलेल्या असतात. शाळेत कन्नड, काहींच्या घरी मराठी, बाजारात दखनी उर्दू. शिवाय अक्कलकोट-सोलापूरची ये-जा आणि गाणगापूरला दत्तदर्शनासाठी येणारी मराठी माणसे. इतक्या भाषा सहज पेलणारी मुले इंग्रजीच्या साध्या वाक्यात का अडखळतात, हा प्रश्न शिक्षकांनी आणि पाठ्यपुस्तककारांनी गांभीर्याने घ्यायला हवा.

मराठी मूल परीक्षा 'देते'. कन्नड मूल ती 'बरेयुत्तदे', म्हणजे लिहिते. म्हणून एकाच वर्गात एक जण 'आय गेव्ह द एक्झाम' म्हणतो आणि दुसरा 'आय रोट द एक्झाम'. इंग्रजीत मात्र शिक्षक टेस्ट 'गिव्ह' करतात आणि मुले ती 'टेक' करतात; आपल्या देण्याघेण्याच्या नेमके उलट. लक्ष आपण देतो, इंग्रजीत त्यासाठी पैसे मोजावेत तसे 'पे' हे क्रियापद लागते. स्वप्न मराठीत पडते, कन्नडमध्येही 'कनसु बित्तु', म्हणजे पडलेच. इंग्रजीत ते 'हॅव' करायचे असते.

यात मुलांच्या बुद्धीचा दोष नाही. सीमाभागातल्या भाषा शतकानुशतके शेजारी नांदल्याने त्यांच्या वाक्यांची घडण एकमेकींसारखी झाली आहे. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी मराठी, कन्नड व उर्दू यांचा अभ्यास केला आणि १९७१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिथल्या बोलण्यात शब्द वेगवेगळे राहिले, पण वाक्याचा साचा बव्हंशी एक झाला होता, असे त्यांना आढळले. आपल्याकडेही मराठीत फोटो 'काढला', कन्नडमध्ये 'तेगेद', दखनीत 'निकाला'. शब्द बदलला की काम भागते. हीच सवय घेऊन मूल इंग्रजीकडे जाते आणि तिथे ती चालत नाही, कारण तिथे फोटो 'टेक' करतात.

नामाबरोबर कोणते क्रियापद यायचे, याला इंग्रजीतही पक्का नियम नाही. काही निर्माण होत असेल तर 'मेक' आणि काम पार पाडायचे असेल तर 'डू', हे शिकवणे काही अंतरापर्यंत उपयोगी पडते. पण अंथरूण नीट करायला 'मेक' आणि केस विंचरून बांधायला 'डू' का, हे त्यातून कळत नाही. खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांतही अंघोळीला ब्रिटिश माणूस 'हॅव' वापरतो, अमेरिकन 'टेक'. विशेषणांचेही तसेच. आपला 'कडक' शब्द चहा, ऊन आणि मास्तर या तिघांनाही पुरतो. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग', ऊन 'हार्श' आणि मास्तर 'स्ट्रिक्ट'.

ही अडचण नवी नाही. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या हॅरल्ड पामर यांनी १९३३ मध्ये अशा ठरलेल्या जोड्यांवर मोठा अहवाल काढला. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांनी केलेला विद्यार्थ्यांसाठीचा कोश १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला आणि पुढे तोच ऑक्सफर्डच्या प्रसिद्ध कोशाचा पाया ठरला. शब्दाचा अर्थ सांगून शिकणाऱ्याचे भागत नाही, तो वाक्यात कसा बसतो हेही दाखवावे लागते, हे त्यांनी वर्गात शिकवताना ओळखले होते.

आपल्या वह्यांत मात्र अजून 'डिसिजन म्हणजे निर्णय' एवढेच लिहिले जाते. त्याऐवजी 'मेक अ डिसिजन' अशी पूर्ण जोडी लिहावी, शेजारी 'निर्णय घेणे' आणि त्याखाली कन्नड जोडी. तिन्ही क्रियापदे एकाखाली एक आली की कुठे जुळते आणि कुठे फारकत होते, हे मुलाला स्वतःच दिसेल. 'मेक अ मिस्टेक'ला वेळ घालवायची गरज नाही, चूक मराठीत करायचीच असते आणि कन्नडमध्येही 'तप्पु माडु'च. सगळा वेळ 'पे अटेन्शन'सारख्या जोड्यांना द्यावा. 'गेव्ह द एक्झाम' म्हणणाऱ्या मुलाला हसू नये. भारतात ते सर्वांना समजते. औपचारिक लेखनात आणि मुलाखतीत मात्र 'टेक' अपेक्षित असते, एवढे त्याला स्पष्ट सांगावे.

घरची भाषा वर्गाबाहेर ठेवून इंग्रजी सुधारते, असे मानणाऱ्या शाळा या परिसरातही आहेत. ते आम्हाला पटत नाही. दोन भाषांतली क्रियापदे शेजारी ठेवून पाहण्याची सोय ज्या मुलांना जन्मतः मिळाली, त्यांच्याकडून ती काढून घेण्याचे कारण नाही.