रिकाम्या बाकाचा धडा

ज्यूंच्या छळाचा धडा गॅसकोठड्यांपासून सुरू केला, की विद्यार्थ्याला तो केवळ राक्षसांचा प्रताप वाटतो आणि तो निर्धास्त होतो. ही शुद्ध दिशाभूल आहे. धडा एप्रिल १९३३ पासून सुरू झाला पाहिजे. त्या महिन्यात जर्मनीत माध्यमिक शाळांच्या नव्या प्रवेशांत ज्यूंवर दीड टक्क्याची मर्यादा कायद्याने लादली गेली. नोव्हेंबर १९३८ मध्ये उरलेल्यांनाही सरकारी शाळांतून हाकलण्यात आले. हे काम मुख्याध्यापकांनी व कारकुनांनी मुकाट्याने पार पाडले. साठ लाखांच्या संहाराची वाट या रिकाम्या बाकांवरून गेली. शेजारचा बाक रिकामा होताना वर्ग गप्प का राहिला, हे जी शाळा विचारत नाही, ती इतिहास शिकवीतच नाही!