पेंडीत राहिलेला गुण

सोयाबीनची सोंगणी-मळणी आटोपली की दुसरबीड आणि सिंदखेडराजा तालुक्यातील आसपासच्या गावांचे हे पीक बाजार समितीत उतरते, ओलावा १२ टक्क्यांच्या आत आहे की नाही यावर त्याची प्रतवारी होते आणि बियाण्यापुरते राखलेले पोते सोडले तर शेतकऱ्याच्या घरात त्यातले फारसे काही उरत नाही. याच दाण्यातील ‘आयसोफ्लेवोन’ नावाच्या घटकाच्या गोळ्या मात्र रजोनिवृत्तीच्या तक्रारींपासून हाडांच्या ठिसूळपणापर्यंत अनेक दुखण्यांवरचा उपाय म्हणून चांगल्या किमतीला खपतात. पिकवणाऱ्याच्या ताटात नसलेला हा गुण खरोखर किती आहे, हे तपासून पाहिले पाहिजे.

आयसोफ्लेवोन हे फ्लेवोनॉइड, म्हणजे वनस्पती मुख्यतः स्वसंरक्षणासाठी तयार करतात त्या संयुगांच्या मोठ्या कुळातले. कांद्यातील क्वेर्सेटिन हेही त्याच कुळातले. सोयाबीनमध्ये जेनिस्टीन आणि डायडझीन ही त्याची प्रमुख रूपे आढळतात. पेरणीपूर्वी बियाण्याला जे रायझोबियम जिवाणूखत चोळले जाते, त्यातील जिवाणूंना मुळांवर गाठी धरण्याचा संकेत याच द्रव्यांतून मिळतो, त्यामुळे शिवारात त्यांचे काम औषधाच्या दुकानातील कामापेक्षा कितीतरी जुने आहे. त्यांच्या रेणूची ठेवण इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी जुळत असल्याने ती शरीरात त्याच्यासारखा, पण बराच सौम्य परिणाम घडवू शकतात, आणि आरोग्यविषयक बहुतेक दावे या एका साम्यावर उभे आहेत.

पुरावा संमिश्र आहे. रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून एकाएकी उष्णतेच्या लाटा उठतात, त्यांची वारंवारता औषधविरहित गोळीच्या तुलनेत सुमारे २० टक्क्यांनी घटते, असे २०१२ मधील एका एकत्रित विश्लेषणात दिसले; परंतु त्याच्या आदल्याच वर्षी मायामीत २४८ महिलांवर दोन वर्षे झालेल्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा रोज २०० मिलिग्रॅम आयसोफ्लेवोन घेऊनही हाडांची झीज थांबली नव्हती. हृदयाबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये सोया प्रथिनाविषयीचा दावा छापण्याची मुभा दिली आणि २०१७ मध्ये ती मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. शिवाय डायडझीनपासून ‘इक्वॉल’ हे अधिक प्रभावी द्रव्य बनवणारे जिवाणू सर्वांच्या आतड्यांत नसतात, त्यामुळे एकीला उतार पडला म्हणून दुसरीला पडेलच असे नाही. इतक्या तुटपुंज्या आधारावर गोळ्यांचा एवढा गाजावाजा करणे अप्रामाणिक आहे.

अन्न म्हणून सोयाबीनची बाजू यापेक्षा भक्कम आहे. दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि १८ ते २० टक्के तेल असते. घाणीत किंवा कारखान्यात तेल निघते तेव्हा आयसोफ्लेवोन त्या तेलात जवळजवळ उतरत नाही, ते प्रथिनांसोबत पेंडीत राहते आणि पेंडीचा मोठा भाग कोंबड्यांच्या खाद्यात जातो. म्हणजे शेतकरी दाणा विकतो, तेलाचा डबा विकत आणतो आणि दाण्याचा सर्वांत सकस भाग त्याच्या घराला वळसा घालून निघून जातो. किराणा दुकानातील साधी सोयावडी तेल काढलेल्या पिठाचीच असते. तिच्यात प्रथिनांबरोबर थोडेफार आयसोफ्लेवोनही असते, हे तिच्या पाकिटावर कोणी मिरवत नाही.

कच्चे सोयाबीन दळून भाकरीच्या पिठात मिसळणे मात्र घातक नसले तरी चुकीचे आहे, कारण त्यातील ट्रिप्सिन-निरोधक हा घटक प्रथिनांचे पचन रोखतो. दाणे उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवून, सोलून, वाळवून मगच दळले पाहिजेत. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी ती आणि सोयाबीन यांत काही तासांचे अंतर ठेवावे, आणि स्तनाच्या कर्करोगावर उपचार सुरू असलेल्यांनी अर्काच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

इंदूरच्या राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्थेने ‘कुनिट्झ’ प्रकारचा ट्रिप्सिन-निरोधक नसलेला ‘एनआरसी १२७’ हा वाण दिला आहे, भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेकडे सोयाबीन प्रक्रियेचे तंत्र अनेक वर्षांपासून तयार आहे. हमीभावाच्या वादात गुंतलेल्या यंत्रणेने या दोन्हींची सांगड घालून सिंदखेडराजा तालुक्यात महिला बचत गटांना वाफवणी, सोलणी आणि दळणाचे संच द्यावेत, तयार पीठ अंगणवाडीच्या आहारासाठी विकत घ्यावे आणि त्याच्या पाकिटावर प्रथिनांचे प्रमाण छापावे. रोग बरा करण्याचे दावे छापणाऱ्यांवर अन्न व औषध प्रशासनाने कारवाई करावी.